गोरिंगला फसवलं, एवढं पुरेसं नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या नकली चित्रांवर बेतलेली एक थरारक कादंबरी गेले काही महिने आमच्या ओळखीच्या वाचकांत हातोहात फिरते आहे. नाझींच्या ताब्यातलं अॅमस्टरडॅम, समीक्षकांनी हिणवलेला एक चित्रकार, बंद खोलीत रात्री चालणारं त्याचं काम, दारावर पडणारी पोलिसांची थाप आणि शेवटी जर्मनीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या, म्हणजे हर्मन गोरिंगच्या, गळ्यात मारलेलं खोटं चित्र. कादंबरीचं नाव मी इथे घेत नाही, कारण याच साच्याच्या कादंबऱ्या बऱ्याच आहेत आणि मला एका पुस्तकाशी भांडायचं नाही. वाचकांच्या मतांशी मात्र भांडायचं आहे, आणि तेही आपुलकीने. सोलापुरात पुस्तकावर तावातावाने बोलणारी माणसं आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

मतं कशी आली ते सांगतो. कुणी म्हणालं, पहिली पन्नास पानं रेटावी लागतात, मग पुस्तक हातातून सुटत नाही. कुणाला डच नावांचा गोंधळ झाला. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीला रंग तयार करण्याची, कॅनव्हास भट्टीत भाजण्याची प्रकरणं सगळ्यात आवडली. ती म्हणाली, रसायनशास्त्र असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं. एका निवृत्त शिक्षकांना त्यातलं प्रेमप्रकरण उगाच घुसडलेलं वाटलं. मलाही तसंच वाटलं. पण एका बाबतीत जवळजवळ सगळ्यांचं एकमत होतं. नकली चित्र काढणारा तो माणूस सुटायला हवा होता. एरवी फार न बोलणारे, गिरणीत आयुष्य घालवलेले एक काका तर ठासून म्हणाले, "चोराला चोरानं लुटलं, त्यात वाईट काय? गोरिंग काय संत होता का?"

या एकमतावर माझा आक्षेप आहे. कादंबरीतला चित्रकार ज्या खऱ्या माणसावरून बेतला आहे, त्याची हकीकत माहीत असलेला वाचक इतक्या सहज टाळ्या वाजवणार नाही, असं मला वाटतं. आणि वाचकाला ती हकीकत माहीत होऊ न देता टाळ्या मिळवणं हा ऐतिहासिक कादंबरीचा हक्क आहे, हे मला मान्य नाही.

तो खरा माणूस म्हणजे हान फान मेगेरेन. जन्म १८८९, हॉलंडमधल्या डेव्हेंटरचा. हात कसलेला, पण काळ बदलला होता आणि त्याची जुन्या वळणाची चित्रं समीक्षकांना शिळी वाटत होती. त्याने सूड म्हणून की पैशासाठी म्हणून, यावर वाद घालता येईल, पण सतराव्या शतकातल्या योहानेस व्हर्मीरच्या नावाने चित्रं काढायला सुरुवात केली. व्हर्मीरची निवड धूर्त होती. डेल्फ्टचा हा चित्रकार १६७५ मध्ये वारला, तेव्हा मागे फार थोडी चित्रं राहिली. आज जगभरात मिळून पस्तीसच्या आसपासच मानली जातात. त्याच्या आयुष्याबद्दल कागदपत्रंही कमी. अशा माणसाचं एखादं 'हरवलेलं' चित्र सापडलं, तर विद्वानांना ते हवंच असतं.

तंत्राचा भाग खरोखर थक्क करणारा आहे, त्यामुळे त्या मुलीचं मत मला शंभर टक्के पटतं. तैलरंग पूर्ण कडक व्हायला अनेक दशकं लागतात. नवीन चित्रावर अल्कोहोलचा बोळा फिरवला की रंग सुटतो आणि चोरी उघडी पडते. फान मेगेरेनने सतराव्या शतकातलीच जुनी, कमी किमतीची चित्रं विकत घेतली, वरचा रंग खरवडून काढला आणि तळाचा, बारीक तडे गेलेला थर तसाच ठेवला. रंगात तेलाबरोबर फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड वापरले, म्हणजे बॅकेलाइट ज्यापासून बनतं ते पदार्थ. मग चित्र भट्टीत भाजलं. रंग दगडासारखा झाला. नंतर कॅनव्हास नळकांड्यावर गुंडाळून तडे वर आणले आणि त्यांत काळी शाई भरली, म्हणजे तीनशे वर्षांची धूळ बसल्यासारखी दिसावी. १९३७ मध्ये 'एमाउसचं भोजन' हे चित्र त्याने बाहेर काढलं. अब्राहम ब्रेडियस हे त्या काळातले डच चित्रकलेचे सर्वांत मोठे जाणकार. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी एका नामांकित कलानियतकालिकात लिहिलं की हे व्हर्मीरचंच आणि व्हर्मीरची सर्वोत्तम कृती. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी ते पाच लाख गिल्डरहून (तेव्हाचं डच चलन) अधिक किमतीला घेतलं गेलं.

आज त्या चित्राचं छायाचित्र पाहिलं तर नवल वाटतं. जड पापण्या, खोल गेलेले डोळे, चेहऱ्यावर १९३० च्या दशकातल्या सिनेमातली छाया. त्या काळातल्या माणसांना ते दिसलं नाही, कारण ती त्यांच्याच काळाची नजर होती. आपल्या काळातली नकलही आपल्याला अशीच दिसत नसेल, हा विचार मला त्या भट्टीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

कादंबऱ्यांत एक गोष्ट मात्र एक-दोन ओळींत उरकली जाते. चित्र आलं कुठून, असं विचारल्यावर फान मेगेरेनने जी कथा रचली ती. इटलीत राहणारं एक जुनं घराणं अडचणीत आहे, मुसोलिनीच्या राजवटीत त्यांना उघडपणे चित्र विकता येत नाही, देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून नाव गुप्त ठेवावं लागतंय. ही कथा त्याने ज्याच्या मार्फत खपवली तो माजी खासदार होता, वकील होता, आणि फॅसिस्टांच्या छळातून कुणाला तरी वाचवतो आहोत या भावनेने त्याने मदत केली. म्हणजे या माणसाने नुसतं चित्र बनावट केलं नाही. खोटे पीडितही उभे केले आणि लोकांच्या दयेवर आपली किंमत वाढवून घेतली. मला हा भाग सगळ्या हकीकतीचा कणा वाटतो. त्याच वर्षांत युरोपात खऱ्या पीडितांची खरी चित्रं त्यांच्या भिंतींवरून उतरवली जात होती, किंवा लवकरच उतरवली जाणार होती.

त्यातलं एक नाव सांगतो, कारण कादंबरीवरच्या आमच्या चर्चेत ते एकदाही आलं नाही. झाक खाऊडस्टिकर. अॅमस्टरडॅममधला ज्यू चित्रव्यापारी, जुन्या डच आणि इटालियन चित्रांचा मोठा संग्राहक. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा तो पत्नी आणि तान्ह्या मुलाला घेऊन जहाजाने निघाला. रात्रीच्या अंधारात जहाजाच्या तळघराच्या उघड्या झडपेतून तो खाली पडला आणि गेला. त्याच्या खिशात एक काळी वही होती. तिच्यात अकराशेहून अधिक कलावस्तूंची नोंद होती. मागे राहिलेला त्याचा सगळा व्यवसाय काही आठवड्यांत जबरदस्तीच्या सौद्यात गेला. चित्रांचा मोठा भाग गोरिंगकडे, आणि पेढी, तिचं नाव, तिची इमारत आलोइस मीडल नावाच्या जर्मन व्यावसायिकाकडे. फान मेगेरेनचं 'ख्रिस्त आणि व्यभिचारिणी' हे खोटं व्हर्मीर गोरिंगपर्यंत पोहोचलं ते याच मीडलच्या हातून. गोरिंगने किंमत रोख दिली नाही, आपल्या साठ्यातली शंभराहून अधिक चित्रं बदल्यात दिली. तो साठा कसा जमला होता, हे आता वेगळं सांगायला नको.

गिरणीतल्या काकांना मला हेच सांगायचं आहे. चोराला चोराने लुटलं हे खरं, पण तो सौदा ज्या बाजारात झाला तो बाजार एका मेलेल्या ज्यू माणसाच्या दुकानात भरला होता. नकली चित्र विकणारा त्या बाजारावर हसत नव्हता, तो त्याच बाजारावर जगत होता. त्या काळात त्याने मोठी मालमत्ता केली, अॅमस्टरडॅममध्ये कितीतरी घरं घेतली. १९४३ मध्ये त्याचं आणखी एक खोटं व्हर्मीर डच सरकारच्या पैशातून, दहा लाखांहून अधिक गिल्डर मोजून घेतलं गेलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये अन्न तुटलं, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. त्या देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. या सगळ्यात तो ऐषारामात होता. त्याच्या चित्रांचं एक पुस्तक १९४२ मध्ये निघालं. त्याची एक प्रत युद्धानंतर बर्लिनमध्ये हिटलरच्या कार्यालयात सापडली, तिच्यावर 'प्रिय फ्यूररला कृतज्ञतेने' अशा आशयाची अर्पणओळ आणि त्याची सही. सही माझी, वरचा मजकूर दुसऱ्या कुणाचा, असं त्याचं म्हणणं.

मे १९४५ मध्ये त्याला अटक झाली ती राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपावरून. हा आरोप गंभीर होता. मग त्याने कबूल केलं की चित्र खरं नव्हतंच, मीच काढलं होतं. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा पहाऱ्यात, साक्षीदारांसमोर त्याने व्हर्मीरच्या ढंगाचं आणखी एक चित्र काढून दाखवलं. बेल्जियमचे पॉल कोरेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक तपासणी केली, फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा पुरावा सापडला. गोरिंगला विकलेल्या चित्रात कोबाल्ट ब्लू निघाला, जो व्हर्मीरच्या काळात नव्हताच. २९ ऑक्टोबर १९४७ ला अॅमस्टरडॅमच्या कोर्टात खटला उभा राहिला. आता आरोप शत्रूशी संगनमताचा नव्हता, फसवणुकीचा होता. एक वर्षाची शिक्षा झाली, पण ती भोगण्याआधी ३० डिसेंबरला तो हृदयविकाराने वारला. तोवर तो देशाचा लाडका झाला होता. गोरिंगला मूर्ख बनवणारा बहाद्दर.

लोकांनी त्याला असं डोक्यावर का घेतलं, हे मला समजतं आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पाच वर्षं मान खाली घालून जगलेल्या देशाला कुणीतरी शत्रूची टर उडवलेली हवी होती. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना पकडून दिलं होतं, अधिकाऱ्यांनी याद्या करून दिल्या होत्या. त्या आठवणींपेक्षा एका हुशार चित्रकाराची गोष्ट सुखाची होती. पण त्या सुखाने एक गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे लुटीची परतफेड. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मनीतून हॉलंडला परत पाठवलेल्या चित्रांत खाऊडस्टिकरची शेकडो चित्रं होती. ती त्याच्या विधवेकडे गेली नाहीत, सरकारी संग्रहात गेली. तिने दावे केले, १९५२ मध्ये तुटपुंजी तडजोड झाली. वारसांना २०२ चित्रं परत देण्याचा निर्णय डच सरकारने घेतला तो २००६ मध्ये. त्या काळ्या वहीने तेव्हा मोठं काम केलं. नकली चित्रांच्या नायकाला देशाने काही महिन्यांत आपलंसं केलं आणि खऱ्या चित्रांच्या मालकिणीच्या घराण्याला साठ वर्षं थांबवलं.

आमच्या चर्चेत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकर कुटुंबातल्या बाई होत्या. त्यांनी शेवटी फक्त एवढंच विचारलं, "पण ज्याची चित्रं होती त्याचं पुढं काय झालं?" कादंबरीत त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून चर्चेतही मिळालं नाही. त्यांना हा प्रश्न सुचला याचं मला नवल वाटलं नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी दुसरीकडे बनलेली, हलक्या सुताची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते, हे पूर्व भागात कुणालाही विचारा. घेणाऱ्याला पांघरूण मिळतं, विकणाऱ्याला नफा मिळतो, दोघंही खूश. तोट्यात जातो तो सौद्याच्या जागी हजरच नसलेला माणूस, जॅकार्डच्या मागावर खरी चादर विणणारा. नकलेच्या प्रत्येक गोष्टीत असा एक गैरहजर माणूस असतो. थरारकथा त्याच्याकडे जात नाही, कारण त्याच्या आयुष्यात पाठलाग नसतो, फक्त अर्ज आणि वाट पाहणं असतं.

आता विरोधी मताकडे येतो. निवृत्त शिक्षकांनीच ते मांडलं आणि चांगलं मांडलं. ते म्हणाले, कादंबरी म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. लेखकाला हात बांधून लिहायला सांगाल तर कुणी लिहिणार नाही. आणि आपल्याकडे तर 'इतिहासाचा विपर्यास' हे शब्द ऐकू आले की मागोमाग मोर्चा येतो, पुस्तकं जाळली जातात. तुम्ही त्या लोकांच्या हातात कोलीत देताय.

त्यांच्या काळजीतला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. पुस्तकावर बंदी घालणं, लेखकाला धमकावणं, प्रकाशकाच्या दारात जमाव नेणं याला माझा विरोध आहे आणि तो कायम राहील. कादंबरीकाराने संवाद रचावेत, दोन वर्षांच्या घटना एका उन्हाळ्यात बसवाव्यात, कधी नसलेली मोलकरीण घरात आणावी, तिला चित्रकाराचं गुपित कळू द्यावं. यातलं काहीही मला खटकत नाही. त्याशिवाय कादंबरी उभी राहत नाही. खटकतं ते एवढंच की जे दोषी होते त्यांचा दोष पुसावा, जे लुटले गेले त्यांना कथेतून उचलून बाजूला ठेवावं, आणि मुखपृष्ठावर 'सत्यघटनेवर आधारित' असं छापून वाचकाकडून इतिहासाइतका विश्वास मागावा. कल्पनेचं स्वातंत्र्य हवं तर ते उघडपणे घ्यावं. शेवटी तीन-चार पानांचं लेखकाचं निवेदन असावं: ही माणसं खरी, ही रचलेली, हा प्रसंग घडला, हा घडला नाही, या माणसाबद्दल मी जे गाळलं ते हे. जगात अनेक चांगले ऐतिहासिक कादंबरीकार असं निवेदन देतात आणि त्यांच्या पुस्तकाची रंगत तिळभरही कमी होत नाही. उलट वाचक पुस्तक संपवून निवेदनाकडे धावतो. परकी पुस्तकं मराठीत येताना हे निवेदन पानं वाचवण्यासाठी गाळू नये, आणि मराठीत मुळातून लिहिणाऱ्यांनीही ते द्यावं, एवढं मागणं काही मोठं नाही.

मराठी वाचकाने हे मागायला खास कारण आहे. आपण इतिहास मोठ्या प्रमाणात कादंबरीतून शिकलो. कादंबरीतला संवाद भाषणात पुरावा म्हणून येतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात खरा म्हणून म्हटला जातो, आणि पुढे कुणी कागद दाखवून 'असं घडलं नव्हतं' म्हणालं तर त्याच्यावरच लोक चिडतात. कागद दाखवणाऱ्या संशोधकाची ही जी अवस्था होते, तिला थोडे जबाबदार निवेदन न देणारे लेखक आहेत आणि थोडे ते न मागणारे आपण आहोत.

कुणी म्हणेल, हॉलंडच्या इतिहासाचं सोलापुरात बसून एवढं काय? म्हणून एक कल्पना करून पाहू. उद्या कुणी मे १९३० च्या सोलापुरावर थरारक कादंबरी लिहिली. विषय तर विलक्षण आहे. गांधीजींच्या अटकेनंतर पेटलेलं गिरणगाव, ८ मेचा गोळीबार, शंकर शिवदारेंचं बलिदान, इंग्रजी सत्ता नावाला उरलेले ते काही दिवस, १२ मेपासून मार्शल लॉ, आणि दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चाललेला खटला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन फासावर गेले. चौघे चार वेगळ्या समाजांतले. आता अशा कादंबरीला रहस्य लागणार, रहस्याला फितूर लागणार. लेखकाने एक फितूर रचला, त्याला गावातलं एक ओळखीचं आडनाव दिलं, एक पेठ दिली, एक जात किंवा धर्म दिला, आणि कुठेही सांगितलं नाही की हा माणूस कल्पित आहे. दहा वर्षांत त्या आडनावाच्या घराकडे बोट दाखवलं जाईल. हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभा राहून कुणी तरी शाळकरी मुलांना सांगेल, ह्यांना त्यांनी पकडून दिलं. चार समाजांची एकत्र आठवण असलेल्या या गावात त्या एका रचलेल्या पात्राने काय होईल, याचा विचार सोलापूरकराला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

आणि उलटही होईल. त्याच कादंबरीत मार्शल लॉच्या काळात सत्तेशी जुळवून घेऊन पैसा केलेला एखादा चतुर माणूस, साहेबाला एकदा टोपी घातली म्हणून, नायक होऊन बसेल. आपण सोलापूरकर टाळ्या वाजवू? मला वाटतं नाही. आपण विचारू, ते दीड-दोन महिने हा माणूस कुठं होता, आणि ज्यांना गांधी टोपी घातली म्हणून शिक्षा झाल्या त्यांचं काय? हाच प्रश्न अॅमस्टरडॅमच्या माणसांच्या वतीने विचारावा, इतकंच माझं म्हणणं आहे. दूरच्या देशाचा इतिहास आपल्याला मनोरंजन म्हणून चालतो आणि आपल्या गावाचा मात्र अचूक हवा असतो, ही वागणूक न्यायाची नाही.

त्या युद्धाशी आपलं नातं तसं दूरचंही नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांच्या जखमा शिवत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. वय अवघं बत्तीस. त्यांच्यावर १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी चित्रपट काढला, त्यात सिनेमाला लागतात तशा गोष्टी असणारच. पण सोलापुरात त्यांचं राहतं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. सिनेमा पाहून कुतूहल वाटलेला माणूस तिथे जाऊन त्याची खातरजमा करू शकतो. कल्पनेशेजारी कागद उपलब्ध असला की कल्पनेचं भय राहत नाही. याच काळातलं, १९४३ च्या दुष्काळातलं बंगाल चित्तप्रसादांनी गावोगाव फिरून रेखाटलं. या रेखाटनांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. युद्ध, चित्र आणि सत्ता यांची ही गोष्ट आपल्या देशातली, तरी आपल्या वाचकांना हॉलंडची भट्टी जास्त ठाऊक आहे. याची मला खंत वाटते, आणि ही खंत मी लेखक-प्रकाशकांच्या दारात ठेवतो, वाचकांच्या नाही.

नकली चित्रांचा प्रश्न आपल्याकडेही पुस्तकातला उरलेला नाही. २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतींवर लावलेली चित्रं आपली नाहीत, हे त्यांना स्वतःला सांगावं लागलं. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांच्या नावानेही खोट्या चित्रांचा बाजार चालत आला आहे. चित्रकार जिवंत असताना ही गत, तर गेल्यानंतर काय. ही प्रकरणं वर्तमानपत्रात गंमतीच्या बातमीसारखी येतात. गंमत वाटते, कारण फसलेला माणूस श्रीमंत असतो आणि आपल्याला त्याची दया येत नाही. गोरिंगच्या बाबतीत झालं ते हेच, फार मोठ्या प्रमाणावर.

त्या महाविद्यालयीन मुलीने मला विचारलं, मग ही कादंबरी वाचायची की नाही? वाचायचीच. तिच्यातली भट्टी, रंग, तडे, भीती हे सगळं मनापासून वाचावं. ब्रेडियससारखा जाणकार का फसला, हे समजून घेण्यासाठी तर नक्की वाचावी, कारण त्याला जे पाहायचं होतं तेच त्याला दाखवलं गेलं आणि आपणही असेच फसतो. पण तो सुटायला हवा होता की नाही, हे ठरवण्याआधी खाऊडस्टिकरची वही आणि ती बर्लिनमधली अर्पणओळ माहीत असायला हवी. ती माहीत असूनही कुणाला वाटलं की सुटायला हवा होता, तर ते मत मी ऐकून घेईन आणि त्याच्याशी वाद घालेन. आज जे एकमत आहे, त्याच्याशी वादही घालता येत नाही, कारण ते अर्ध्या माहितीवर उभं आहे.

सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आहेत, पेठापेठांत छोटी ग्रंथालयं आहेत. त्यांच्याकडे माझी एक साधी विनंती आहे. ऐतिहासिक कादंबरीत लेखकाचं निवेदन नसेल, तर मागच्या कोऱ्या पानावर एक चिठ्ठी चिकटवावी आणि जाणत्या वाचकांनी तिच्यावर लिहावं: यातलं कोण खरं, कुणाबद्दल काय गाळलं आहे, त्याच विषयावरचं इतिहासाचं कोणतं पुस्तक याच कपाटात आहे. आमच्या हातात फिरणाऱ्या प्रतीपासून मी सुरुवात केली आहे. पहिली नोंद झाक खाऊडस्टिकरची आहे, आणि ती लिहून झाल्यावर पुस्तक पूर्व भागातल्या त्या बाईंकडे गेलं आहे.